हळदीच्या पुस्तकातले तिघं

पुस्तकातलं आहे, पुस्तकातलं आहे, असं मी घसा बसेपर्यंत सांगितलं. एकानंही विश्वास ठेवला नाही. भोकरदनच्यांनी ठेवला नाही ते मी समजू शकते, ते परके. पण माझ्या सख्ख्या भावानं फोनवर आवाज बारीक करून विचारलं, "ताई, मला तरी खरं सांग. ते तिघं कोण होते?"

चहा घ्या आणि नीट ऐका. हसायचं असेल तर शेवटी हसा. मधात हसलेलं मला चालत नाही. पोरीच्या लग्नाचा मामला होता.

मी पंचफुला. जाफराबादहून भोकरदनला जाणाऱ्या रोडवर काळीपिवळी जीप जिथं थांबते, तिथं माझी पिठाची गिरणी आहे. शिक्षण चौथी पास. हे मी कोणालाही मान वर करून सांगते. फक्त एक गोष्ट कधी सांगितली नव्हती, ती आज सांगते. शाळेत जोडाक्षरं शिकवत होते ते दिवस कापूस वेचायचे होते, आणि मी आईसोबत वावरात होते. त्यामुळं साधं अक्षर मी भराभर वाचते. पण एक अक्षर दुसऱ्याच्या उरावर बसलेलं दिसलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

चाळीस वर्षांत हे कोणाला कळलं नाही. कसं कळेल? जोडाक्षर आलं की मी तिथं दुसरा शब्द ठेवते. 'इन्स्पेक्टर' दिसला की 'फौजदार' म्हणायचं. 'मृत्यू' दिसला की 'मेला' म्हणायचं. गाडी थांबत नाही.

वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज ग्रंथ वाचतात. बाया पांढरी साडी नेसून बसतात, ऐकतात, शेवटी हात जोडून तीनदा साधू म्हणतात. वाचायला संगीता बसते. संगीता म्हणजे माझ्या शेजारची सून, बारावी शिकलेली. मला कधी कोणी म्हणलं नाही, पंचफुला, आज तू वाच. मी पण कधी मागितलं नाही. पण ते मनात राहिलं होतं, खोटं कशाला बोलू.

तर माझी पोरगी सुजाता. एकुलती एक. बी.ए. झाली, जाफराबादला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. तिनं कॉलेजच्या प्रदर्शनातून एक कादंबरी आणली आणि दोन पानं वाचून गिरणीतच विसरली. वरती हळद लागलेल्या हाताचं चित्र, आणि त्या हातात उंदराच्या औषधाची पुडी. नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला हळदीचं पुस्तक म्हणायचो.

लाईट गेली की गिरणी बंद. आमच्याकडं लाईट जाताना सांगत नाही आणि येताना विचारत नाही. बाया डबे सोडून घरी जात नाहीत, नंबर जातो म्हणून. त्या दिवशी शेवंताआजी ज्वारी घेऊन बसली होती आणि संगीता गहू. आजीनं पुस्तकाकडं बोट केलं.

"पंचफुले, ते काय हाये?"

"कादंबरी."

"मंग वाच की. बसून बसून कंबर दुखून राह्यली."

संगीतानं हात पुढं केला. पण त्याच्याआधी पुस्तक मी उचललं. गिरणी माझी, पुस्तक माझ्या पोरीचं, मग वाचणार पण मीच.

आणि पहिल्याच ओळीत ते नाव. मृण्मयी. पहिल्या अक्षराच्या पायाला शेपूट, त्याच्या पुढं एक अर्धंच अक्षर लटकलेलं. मी चष्मा पुसला. खोकले. तांब्यातलं पाणी प्याले.

"काय झालं?" आजी म्हणाली. "कोणी मेलं का?"

"अजून न्हाई. पोरीचं नाव हाये."

"काय नाव?"

संगीतानं मागून मान वाकवून पाहिलं. "मृण्मयी."

"काय मयी?"

"मृण्मयी, आजी. म्हणजे मातीची."

"मातीचं तर मडकं असतं," आजी म्हणाली. "पोरीला कोण मडकं म्हणतं?"

मला वाट सापडली. मी म्हणले, "आजीचं बराबर हाये. असलं नाव कोणाच्या तोंडात बसणार? आपण सोपं ठिवू. सुजाता."

तोंडात दिवसातून पन्नास वेळा जे नाव असतं तेच आलं. दुसरं कुठून येणार?

संगीता हळूच म्हणाली, "आक्का, घरच्या पोरीचं नाव नका लावू. तिची सोयरीक चालू हाये."

"तू तुझ्या गव्हाकडं पाहाय," मी म्हणले.

हे ध्यानात ठेवा. संगीतानं सांगितलं होतं.

सोयरीक चालू होती हे खरं. भोकरदनचा मिलिंद, वायरमन आहे. बापासोबत येऊन पोरगी पाहून गेला होता. आधीची दोन स्थळं सुजातानं स्वतः नाकारली होती. ह्याला हो म्हणाली, आणि त्या दिवसापासून पोरगी कपडे वाळू घालताना गुणगुणायला लागली. मला तेवढं पुरे होतं. मिलिंदला आई नाही, त्याला आत्यानं वाढवलं. पाहायच्या दिवशी आत्या आली नव्हती. तिचा निरोप होता, मी माझ्या पद्धतीनं चौकशी करीन, मग तारीख धरू.

आता पुस्तकाची गोष्ट सांगते. ही मृण्मयी, म्हणजे आमची सुजाता, दिसायला देखणी, वागायला गरीब. तिला जो पोरगा पसंत करायचा तो हळदीच्या आधी मरायचा. पहिला लॉजमधे साबणावरून घसरला. दुसरा डीजे ठरवायला गेला तर डीजेचा डबाच अंगावर पडला. तिसरा साखरपुड्यात घशात पेढा अडकून गेला. लिहिणारी बाई अशी की माणूस मरतो आणि वाचणाऱ्याला हसू येतं. मधातच प्रेम. हाताला हात लागला की दोन-दोन पानं. तिथं मी म्हणायची, "इथं त्यांच्याकडं लाईट गेली."

बाया समजून घ्यायच्या. "किती वेळ गेली?"

"दोन पानं."

"मंग फॉल्ट मोठाच दिसतो," आजी म्हणायची.

पेढ्याच्या वेळी मात्र वाद झाला. संगीता हसून हसून डब्यावर आडवी पडली. मी वाचायचं थांबवलं. म्हणले, भर साखरपुड्यात माणूस मेला, पाहुणे रडून राह्यले, आणि तू दात काढती. तुला काही वाटतं का?

आजी म्हणाली, "हसू दे तिला. माझा म्हातारा गेला तवा त्याला आंघोळ घालताना त्याच्या बंडीच्या खिशात माझी तंबाखूची डबी सापडली. वरीसभर ती डबी मी हुडकत होते, अन् तो मला म्हणायचा, तुझं ध्यान कुठं असतं. मी रडता रडता हसले. लोकायला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं." मग पदर सारखा करून म्हणाली, "अजून ती डबी पाह्यली की दोन्ही येतं."

मी पुढचं पान उलटलं आणि प्रकरण संपवलं. आजीनं विहारातल्या सवयीनं हात जोडले. "साधू, साधू, साधू."

ती प्रत्येक प्रकरणाला साधू म्हणायची. खून झाला असला तरी.

खुनी कोण, यावरून रोज भांडण. शेवटी संगीतानं पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचं ठरवलं. तिचा संशय फौजदारावर, कारण तपास करता करता तोच मृण्मयीच्या प्रेमात पडला होता. आजीनं पेढेवाल्याचं नाव लिहायला लावलं. मी स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरात लिहिलं: कंपाउंडर.

"कामून कंपाउंडर?" संगीता म्हणाली. "तो तर दोनदाच आला पुस्तकात."

"मला माणसं कळतात," मी म्हणले.

खरं कारण मला माहीत होतं. साऱ्या पुस्तकात न अडखळता वाचता येणारा तो एकटाच होता.

हळूहळू असं झालं की लाईट आली की बाया तोंड वाकडं करायला लागल्या. आजी मला म्हणाली, "जावई वायरमन करून राह्यली तू. मंग लाईट जायची न्हाई. पुस्तक कधी वाचायचं?"

एका दुपारी लाईट होती, गिरणी जोरात चालू होती. पुस्तक फळीवर टॉवेलखाली झाकून ठेवलेलं. पीठ उडतं म्हणून झाकते मी. काळीपिवळीतून एक बाई उतरली. निळं पातळ, चष्मा, काखेत पिशवी.

"ऊन लई हाये. जरा टेकू का?"

"टेका की," मी म्हणले.

ती डब्यांच्या रांगेत शेवंताआजीच्या बाजूला बसली. गिरणी चालू असली की आमच्याकडं ओरडूनच बोलावं लागतं. त्यामुळं पुढचं सगळं बोलणं ओरडून झालं, रोडपर्यंत ऐकू गेलं असेल.

आजी म्हणाली, "पंचफुले, सुजाताचा तिसरा गेला त्याचं मला लई वाईट वाटून राह्यलं. गरीब होता माय."

बाईनं चष्मा वर सरकवला. "तिसरा काय?"

"नवरदेव. साखरपुड्यात गेला. पेढा अडकला."

"तिसरा म्हणजे, आधी दोन?"

"एक साबणावरून गेला, एक डीजेखाली."

"अन् पोरगी?"

"पोरगी हाये की खुशाल. आता फौजदार येऊ राह्यला तिच्याकडं. चौकशीला येतो अन् चहा पिऊन जातो."

बाई माझ्याकडं वळली. "गिरणीवाल्या पंचफुलाबाई तुमीच का?"

"व्हय."

"तुमाला काय वाटतं? कोण मारून राह्यलं ह्या पोरायला?"

आता माझी चूक बघा. मला वाटलं, हळदीच्या पुस्तकाची कीर्ती दुसऱ्या गावात पण गेली. आणि आयुष्यात पहिल्यांदा एक चष्मेवाली बाई पुस्तकाबद्दल माझं मत विचारत होती. मी हातातली चाळणी खाली ठेवली.

"कंपाउंडर," मी म्हणले. "माझी खात्री हाये. पण ते एकट्याचं काम न्हाई. सुजाता दिसते तेवढी साधी न्हाई. ध्यानात ठिवा, तिघांनी बी मरायच्या आधी तिच्याच हातचा चहा पेला होता."

"अन् तुमी तिला काही बोलल्या न्हाई?"

"मी कामून बोलू? मला तर मजा येऊन राह्यली. आता चौथा कसा मरतो तेवढं पाहायचं हाये."

बाईनं पिशवी उराशी धरली. मला वाटलं, विचार करून राह्यली, वाचणारी बाई आहे.

तेवढ्यात सुजाता क्लासहून आली. माझी पोरगी गुणाची. पाहुणी बसलेली दिसली की तिला सांगावं लागत नाही. आत जाऊन चहा टाकला, कपबशी आणून त्या बाईपुढं धरली.

"घ्या मावशी."

मी म्हणले, "ही माझी सुजाता."

बाईनं कपाकडं पाहिलं. मग सुजाताकडं. मग परत कपाकडं.

"माझा उपोसथ हाये आज," ती म्हणाली.

आजीनं बोटं मोजली. आमच्यातल्या बऱ्याच बाया पौर्णिमेला उपोसथ धरतात, म्हणजे उपास, आजीला तिथी तोंडपाठ. "पौर्णिमा तर परवा झाली, बाई."

"मी उशिरा धरते," असं म्हणून बाई उठली आणि समोर जी गाडी आली तिच्यात चढली. मी हाक मारली, कुठं जायचं तुम्हाला? ती म्हणाली भोकरदन. मी म्हणले, ही तर जाफराबादला चालली. ती म्हणाली, असू द्या.

आम्ही म्हणलो, उन्हाचा परिणाम.

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. सोयरीक त्यानंच जुळवून आणली होती, राहतो भोकरदनलाच.

"ताई, ते न्हाई म्हणून राह्यले."

"कामून? आमच्यात काय कमी हाये?"

"म्हणत्यात, आमाला एकच पोरगा हाये. आमाला तो जिता पाह्यजे."

मला काहीच समजेना. मग त्यानं सांगितलं. मिलिंदची आत्या, विमलबाई, चौकशीला येऊन गेली. निळ्या पातळातली. आमच्याकडं पोरीची चौकशी दुकानात, गिरणीवर बसूनच करतात, सारं गाव तिथं बोलतं म्हणून. ती माझी चौकशी करायला माझ्याच गिरणीवर बसली, आणि मी तिला पोटच्या पोरीबद्दल सगळं सांगितलं. चहासकट.

मी गिरणी बंद केली. मोठमोठ्यानं सांगितलं, अरे ते पुस्तकातलं हाये. भाऊ म्हणाला, पुस्तकात आपली सुजाता कशी येईल. मी म्हणले, मी टाकली. आणि मग त्यानं ते विचारलं, जे मी तुम्हाला सुरुवातीला सांगितलं.

सुजाता दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कोणाला हरत नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, नाव तू ठेवलं होतंस. दुसऱ्या कोणाला द्यायचं होतं तर मला विचारायचं."

मग आत गेली आणि वाळलेले कपडे घडी करत बसली. गुणगुणणं बंद.

मालकांना, म्हणजे सुजाताच्या बापाला, सांगितलं. आमचे मालक मुळात कमी बोलतात, मी बोलते म्हणून त्यांना गरज पडत नाही. ते म्हणाले, "तूच जा. तूच सांग."

दुसऱ्या दिवशी पुस्तक स्वच्छ कपड्यात गुंडाळलं आणि काळीपिवळी पकडली. साक्षीला शेवंताआजीला घेतलं. संगीताला घ्यायला पाहिजे होतं, पण तिनं मला आधीच सांगितलेलं होतं ना. ती सोबत असली की मला तेच आठवलं असतं.

भोकरदनला विमलबाईनं दार उघडलं. जयभीम घातला, आम्ही पण घातला. बसा म्हणाली, पाणी दिलं. कोपऱ्यात मिलिंदचे वडील, आणि मिलिंद ड्युटीवर जायच्या कपड्यात उभा.

मी पुस्तक पुढं ठेवलं. "हे पाहा. तिघं यातले हायेत. माझी पोरगी साधी हाये."

विमलबाई तीस वर्षं अंगणवाडीत होती. तिनं चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून बोट फिरवायला सुरुवात केली. दहा पानं पाहिली, वीस पाहिली. मग बोट थांबवलं.

"यात तर मृण्मयी हाये. सुजाता कुठं हाये?"

ह्याचा मी विचारच केला नव्हता. रोडभर मी भाषण जुळवत आले होते, पण पुस्तकात सुजाता नाही हे माझ्या ध्यानातच नव्हतं. माझ्यासाठी ती होती. प्रत्येक पानावर होती.

"मृण… ती म्हणजेच सुजाता," मी म्हणले.

"एका पोरीची दोन नावं?" मिलिंदचे वडील म्हणाले.

"आजीला इचारा," मी म्हणले. "आजी, सांग, ते तिघं कुठं मेले?"

आजी सावरून बसली. "गिरणीत मेले. माझ्यासमोर मेले. साबणवाल्याला तर मी लई रडले."

विमलबाईनं पुस्तक मिटलं. "पंचफुलाबाई, तुमी पोरीची आई हाये, झाकणारच. माझी काही तक्रार न्हाई. पण पोरीचं नाव पुस्तकात न्हाई, हे तर मला दिसून राह्यलं."

"मी नाव बदललं होतं."

"कामून?"

आणि इथं मला कळलं की खरं सांगितल्याशिवाय इथून उठता येणार नाही. समोर शिकलेली बाई. होणारा जावई, किंवा न होणारा. चाळीस वर्षं जे झाकलं ते परक्याच्या घरात काढायचं. कपडे वाळू घालताना गुणगुणणारी पोरगी डोळ्यासमोर आली. मी पदर खोचला.

"कारण ते नाव मला वाचता येत न्हाई," मी म्हणले. "मला जोडाक्षर येत न्हाई. मी चौथी पास हाये हे खरं, पण चौथीत ते शिकवलं तवा मी कापसात होते. आजपतोर कोणाला सांगितलं न्हाई."

आजी माझ्याकडं पाहत राहिली. एवढे दिवस ती ऐकत होती, तिला पण आत्ताच कळलं.

विमलबाईनं पुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं. "वाचा इथून."

मी वाचायला लागले. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, चालत्या गिरणीवर पुरतो. त्या दिवशी स्वतःला पण ऐकू येईना. 'सकाळी सकाळी दारावर थाप पडली. समोर फौजदार उभा होता. सुजाता घाबरली. सुजाताच्या हातातली कपबशी खाली पडली.' मी काही मुद्दाम करत नव्हते. डोळ्याला मडकं दिसत होतं आणि तोंडातून माझी पोरगी निघत होती. अर्धं पान वाचलं, पाच वेळा सुजाता. विमलबाई माझ्या खांद्यावरून बोट लावून पाहत होती.

पहिल्यांदा मिलिंद हसला. भिंतीकडं तोंड करून हसला, पण पाठ हलत होती. मग त्याचे वडील. विमलबाई हसली नाही. ती म्हणाली, "मंग तो कंपाउंडर?"

"तो बी यातलाच हाये."

"अन् चौथा मरायची तुमाला मजा येऊन राह्यली होती, तो फौजदार?"

"व्हय."

"खुनी कोण निघाला शेवटी?"

"आम्ही अजून तिथपतोर पोचलो न्हाई," मी म्हणले.

तिनं पुस्तक स्वतःच्या मांडीवर घेतलं. "मंग हे राहू द्या माझ्याकडं. पूर्ण वाचल्याशिवाय मी हो बी म्हणत न्हाई अन् न्हाई बी म्हणत न्हाई."

आता याला काय म्हणाल तुम्ही? माझ्या पोरीचं लग्न त्या पुस्तकाच्या शेवटावर येऊन बसलं. येताना गाडीत माझ्या मनात एकच. शेवटी ती मृण्मयीच खुनी निघाली तर? नुसत्या नावानं सोयरीक मोडत आली, करणीनं तर राहायचीच नाही.

आठ दिवस काही निरोप नाही. गिरणीत बाया माझ्यावर चिडलेल्या, दोन प्रकरणं उरली असताना पुस्तक गेलं म्हणून. एकीनं तर मला विचारलं, तुला पोरीचं लग्न लावायचं होतं तर आमचं पुस्तक कामून दिलं. लाईट जायची आणि आम्ही नुसत्या बसायच्या. सुजाता घरात हो-नाही एवढंच बोलायची. मी दळायची. ज्वारीनंतर गिरणी न झाडता हरभरा घातला एकदा, सगळं पीठ नासलं. असं माझ्या हातून वीस वर्षांत झालं नव्हतं.

नवव्या दिवशी काळीपिवळीच्या ड्रायव्हरनं कपड्यातलं गाठोडं आणून दिलं. लाईट गेलेली होती. सगळ्या जमल्या. सुजाता पण दारात येऊन उभी राहिली. मी गाठ सोडली, आणि पुस्तक उचलून संगीताकडं दिलं.

"तू वाच," मी म्हणले. "जसं लिहिलंय तसं."

संगीतानं शेवटची दोन प्रकरणं वाचली. मृण्मयी मृण्मयीच राहिली. कान टवकारून ऐकलं आम्ही. फौजदाराचा जीव वाचला. आणि खुनी कोण निघाली, तर त्या पोरीची आई. पोरगी सासरी गेली तर आपण एकटं पडू, या मायेपायी तिनं एकेक पोरगा घालवला होता, आणि तोंडानं सगळ्यांना सांगत फिरायची की पोरीचं लवकर जमू द्या.

संगीता थांबली. सगळ्या बाया माझ्याकडं पाहायला लागल्या.

"माझ्याकडं काय पाहाता," मी म्हणले. "मी मुद्दाम केलं का?"

आजीनं हात जोडले. "साधू, साधू, साधू."

"मागचं पान पाहाय," सुजाता म्हणाली. दारातून तिला तिथली पेनाची शाई दिसली होती. आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून तीन शब्द एकत्र निघाले.

संगीतानं मागचं पान उघडलं. आमच्या पेन्सिलीच्या यादीखाली विमलबाईनं पेनानं लिहिलं होतं. संगीतानं वाचलं, "रविवारी मिलिंदला घेऊन तारीख धरायला येतो. चहा सुजाताच्याच हातचा पिऊ. उपोसथ सोडला आहे."

सुजातानं तोंड फिरवलं. पण मला दिसलं. दोरीवर एकही कपडा नव्हता, तरी पोरगी दोरीकडं निघाली.

संगीता अजून पानाकडंच पाहत होती. ओठ दाबून धरलेले.

"अजून काय हाये?" मी म्हणले.

"तुमच्या कंपाउंडरवर काट मारलीय, आक्का. अन् त्याच्या पुढं खऱ्या खुन्याचं नाव लिहिलंय." तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. "हे तुमीच वाचा."

मी चष्मा पुसला. वाचायची भीती वाटत होती. पण बाईनं माझी सोय पाहिली होती. नावात एकही जोडाक्षर नव्हतं. पहिल्या झटक्यात, न अडखळता, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं मी: पंचफुला.